छोटं हॉस्पिटल चालवायला घेताना: पुण्यातल्या नव्या ॲडमिनिस्ट्रेटरसाठी

पुण्यात १८६७ सालचं ससून आहे, रास्ता पेठेतलं केईएम आहे, मोठी धर्मादाय आणि कॉर्पोरेट रुग्णालयंही आहेत. पण ताप, बाळंतपण, हर्निया, अपेंडिक्स, पडून मोडलेला हात हे रोजचं दुखणंखुपणं बरंचसं सांभाळतात ती वीस ते पन्नास खाटांची हॉस्पिटलं. कोथरूड, धनकवडी, हडपसर, वाघोली, चिंचवड, कुठेही जा, दर दोन-तीन चौकांत एक सापडतं. बहुतेक ठिकाणी डॉक्टर पती-पत्नीच ओपीडी सांभाळून पगार, लायसन्स, लिफ्टवाला, औषधांची उधारी असं सगळं बघत आलेले असतात. मग कामाचा पसारा हाताबाहेर जातो आणि ते पहिल्यांदा एक ॲडमिनिस्ट्रेटर नेमतात. हा लेख त्या पहिल्या माणसासाठी आहे. तुम्ही हॉस्पिटल मॅनेजमेंटचा कोर्स करून आला असाल, सिस्टर म्हणून काम करून वर आला असाल किंवा अकाउंट्समधून इकडे वळला असाल, सुरुवात सारखीच करावी लागते.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधी सांगते. छोट्या हॉस्पिटलात सर्जनला, सिस्टरला, लॅबवाल्याला, फार्मासिस्टला आपापलं काम चांगलं येत असतं. पेशंटचं नुकसान बहुतेक वेळा होतं ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना. मधल्या त्या जागेला कुणी मालक नसतो. तिचे मालक तुम्ही.

पहिले पंधरा दिवस: काही बदलू नका, फिरा

एका पेशंटच्या मागे चाला, अर्थात त्याला आणि डॉक्टरांना विचारून. गेटवर रिक्षा थांबली तिथपासून तो औषधांची पिशवी घेऊन घरी निघेपर्यंत. कुठे किती वेळ बसला, कुणी काय विचारलं, तोच प्रश्न पुन्हा किती जणांनी विचारला, हे वहीत लिहा. असं ओपीडीच्या, ॲडमिट झालेल्या, ऑपरेशनच्या आणि रात्री कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटबरोबर एकेकदा तरी करा.

मग काय दिसतं त्याचा एक नमुना. सकाळी आठला सिस्टरने रक्त घेतलं. बाहेरच्या लॅबचा मुलगा साडेनऊला आला. रिपोर्ट बाराला तयार झाला आणि आरएमओच्या, म्हणजे हॉस्पिटलात ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांच्या, मोबाइलवर व्हॉट्सॲप झाला. दोनला आरएमओ बदलले, रिपोर्ट जुन्या आरएमओंच्या फोनमध्येच राहिला. कन्सल्टंट संध्याकाळी सातला राउंडला आले तेव्हा म्हणाले, “पोटॅशियमचं काय झालं?” आठ ते सात, अकरा तास. यात एकाही माणसाने कामचुकारपणा केलेला नाही. उपाय साधा आहे: रिपोर्ट एका माणसाच्या फोनवर न येता वॉर्डच्या फोनवर यावा. धोक्याच्या आकड्यांची यादी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि त्यातला आकडा आला तर लॅबने फोन करून सांगावा. ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवावा आणि केस पेपरवर वेळेसकट लिहावा. पण हे सुचायला आधी त्या पेशंटच्या मागे चालावं लागतं.

वॉर्डातल्या मदतनीस मावशी, मामा आणि गेटवरचे सिक्युरिटी यांच्याशी ओळख करून घ्या. कुठला नळ गळतो, कुठल्या खोलीतली बेल वाजत नाही, कुठल्या कन्सल्टंटची गाडी आली की काय धावपळ होते, हे सगळं त्यांना ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. आणि न सांगता एकदा रात्री दोनला या. दिवसाचं हॉस्पिटल आणि रात्रीचं हॉस्पिटल ही दोन वेगळी हॉस्पिटलं आहेत. रात्री ऑक्सिजनच्या खोलीची चावी कुणाकडे असते, हे तेव्हाच कळतं.

कागदपत्रं: एक तक्ता, एक भिंत

महाराष्ट्रात केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू नाही. आपल्याकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ चालतो. नोंदणी पुणे महापालिकेच्या हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, पिंपरी-चिंचवडमध्ये तिथल्या महापालिकेकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे होते. हद्दीलगत हॉस्पिटल असेल तर आपण नक्की कुठे येतो ते आधी पक्कं करा, कारण गेल्या काही वर्षांत अनेक गावं महापालिकेत आली आहेत. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि ३१ मार्चला संपतं. नूतनीकरणाची तयारी डिसेंबरातच सुरू करा, कारण त्यासाठी बाकीचे दाखले जिवंत लागतात आणि एक जरी अडला तरी सगळं अडतं.

२०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तक्रार ऐकण्याची व्यवस्थाही हवी. सनद मराठीत, मोठ्या अक्षरात, बिलिंग काउंटरशेजारी लावा. जिन्याखालच्या अंधारात लावलेली सनद तपासणीपुरती असते, पेशंटसाठी नसते.

बाकी कागद थोडक्यात. सोनोग्राफी मशीन असेल तर पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मासिक अहवाल. या फॉर्ममधली रिकामी राहिलेली चौकटसुद्धा गंभीर मानली जाते, म्हणून फॉर्म त्याच दिवशी, तिथल्या तिथे तपासा. एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि टेक्निशियनचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला. औषध दुकानाचं लायसन्स आणि दुकान उघडं असेल तोवर नोंदणीकृत फार्मासिस्ट. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि दरवर्षी ३० जूनच्या आत वार्षिक अहवाल. अग्निसुरक्षेचा बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून. लिफ्ट, जनरेटर, गर्भपात केंद्राची मान्यता, डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलची आणि सिस्टरांची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधासाठी अंतर्गत समिती.

या सगळ्यांच्या मुदती एका तक्त्यात लिहून तुमच्या टेबलासमोर चिकटवा. मूळ कागद एका फाइलीत, स्कॅन दोन ठिकाणी. आणि प्रत्येक कागदापुढे एका माणसाचं नाव. “ऑफिस बघेल” असं लिहिलं की कुणीच बघत नाही.

जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. मृत्यू झाला तर कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ४, डॉक्टरांनी नीट भरला आहे ना हे बघा. कारणाच्या जागी नुसतं हृदयक्रिया बंद पडली असं लिहिणं पुरेसं नाही, ती का बंद पडली ते तिथे यायला हवं. नावातली एक वेलांटी चुकली तर त्या घरच्यांना विमा, पेन्शन, वारसा यासाठी महिनोन्महिने फेऱ्या माराव्या लागतात. आधार कार्ड समोर ठेवूनच नाव लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

ओव्हर

माझं मत विचाराल तर नव्या ॲडमिनिस्ट्रेटरने पहिली सुधारणा इथे करावी. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला ओव्हर देते. बऱ्याच ठिकाणी ती नर्सिंग स्टेशनवर उभ्याउभ्या दिली जाते: “पाचला सलाइन चालू आहे, सहाला काही नाही, सातच्या आजोबांना रात्री थोडा त्रास झाला.” थोडा म्हणजे किती? कसला? डॉक्टरांना कळवलं का? जाणारी सिस्टर बारा तासांनी थकलेली असते, तिची शेवटची पीएमपी बस निघायची असते. येणारीला अजून फाइल बघायची असते.

ओव्हर खाटेजवळ द्यायला लावा. दोघी सिस्टर पेशंटपाशी, हातात केस पेपर. चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने: पेशंट कोण आणि कशासाठी आलाय, कालपासून काय घडलं, आत्ता कसा आहे, म्हणजे नाडी, बीपी, ताप, लघवी किती, कुठली नळी कधी घातली, आणि पुढच्या काही तासांत काय करायचं आहे, कुठला रिपोर्ट यायचा आहे, कुणाला फोन करायचा आहे. सलाइनची बाटली, सुईची जागा, ड्रेसिंग दोघींनी डोळ्यांनी बघायचं. पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाही विचारायचं, तो बऱ्याचदा राहून गेलेली गोष्ट सांगतो. एका पेशंटला दोन मिनिटं लागतात. पंधरा पेशंट असतील तर अर्धा तास.

हा अर्धा तास ड्युटीतच धरायला हवा. येणाऱ्या सिस्टरची वेळ अर्धा तास आधी करा आणि त्याचे पैसे द्या. मालक डॉक्टर विचारतील की खर्च का वाढवायचा. त्यांना महिनाभराच्या चुकलेल्या आणि उशिरा दिलेल्या औषधांची यादी दाखवा. ती यादी करणं हेही तुमचंच काम, आणि ती करताना सिस्टरांची नावं लिहू नका. नावं लिहिलीत की पुढच्या महिन्यात यादी कोरी येईल.

आरएमओंची ओव्हर तर अनेक ठिकाणी होतच नाही. एक जण निघून जातो, दुसरा अर्ध्या तासाने येतो. रजिस्टर ठेवा, दोघांच्या सह्या हव्यात आणि दुसरा आल्याशिवाय पहिल्याने जायचं नाही. ही अट नेमणुकीच्या पत्रातच घाला.

ऑपरेशन आणि औषधं

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रिया सुरक्षेची १९ मुद्द्यांची यादी दिली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, नेण्याआधी, असं तीनदा थांबून मोठ्याने वाचायची. छोट्या हॉस्पिटलात ती बहुतेक वेळा ऑपरेशन झाल्यावर टिकमार्क करून फाइलला लावली जाते. हे थांबवायचं असेल तर यादी वाचायचा अधिकार ओटीच्या सिस्टरला द्या आणि सर्जनना आधी एकटं भेटून हे मान्य करून घ्या. ओटीत सगळ्यांसमोर सांगायला जाऊ नका. “पेशंटचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू” हे सिस्टरने विचारल्यावर सर्जनने एकदा शांतपणे उत्तर दिलं की पुढे ती रीत पडते. शेवटी गॉज, सुया आणि हत्यारांची मोजणी दोघांनी, मोठ्याने.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र. त्यातल्या पॅकवरची पट्टी काळी झाली म्हणजे तो पॅक तापलेल्या चेंबरमधून गेला, एवढंच कळतं. आतलं सगळं निर्जंतुक झालं याची खात्री त्याने होत नाही. म्हणून पॅकच्या आत केमिकल इंडिकेटर आणि ठरावीक दिवसांनी जीवाणूंची चाचणी, दोन्ही हवं. त्याची नोंदवही ओटी इन्चार्जकडे.

औषधांत एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात करा. वॉर्डच्या ट्रॉलीवर पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्यूल इतर ॲम्प्यूलबरोबर ठेवलेले असतील तर तिथून उचला. ते पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं, आणि डिस्टिल्ड वॉटरचा ॲम्प्यूल बऱ्याचदा तसाच दिसतो. वेगळ्या कप्प्यात, लाल लेबल लावून, कुलपात ठेवा. इन्सुलिन आणि लसींचा फ्रिज दोन ते आठ अंश, दिवसातून दोनदा तापमानाची नोंद, आणि त्यात कुणाचाही डबा नको. इमर्जन्सी ट्रॉली प्रत्येक ड्युटीला तपासून सील करा. सील तुटलेलं दिसलं की लगेच भरायची. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा बघायचं उपकरण) दिवा लागतो का हे सील करण्याआधी बघा, कारण गरज पडते तेव्हा बघायला वेळ नसतो.

पैशाचं बोलणं आणि डिस्चार्ज

नातेवाइकांचा राग बहुतेक वेळा बिलाच्या रकमेपेक्षा ती अचानक समोर आल्याचा असतो. पेशंट दाखल होतानाच मराठीत लिहिलेला अंदाज द्या: खोलीचं भाडं, डॉक्टरांची फी, ऑपरेशन, औषधांचा अंदाज, आणि कुठल्या परिस्थितीत तो वाढू शकतो. नातेवाइकांपैकी एकाचं नाव आणि फोन लिहून घ्या, पैशाचं आणि तब्येतीचं त्याच्याशीच बोला. रोज संध्याकाळी तोवरचं बिल त्याच्या हातात द्या. अंदाजापेक्षा खर्च वाढणार असं दिसलं तर त्याच दिवशी सांगा, आणि तेव्हा डॉक्टर शेजारी असू द्या. आयसीयूत पेशंट असेल तर सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी डॉक्टर भेटतील असं सांगा आणि ती वेळ पाळा. डॉक्टर अडकले तर तुम्ही जाऊन सांगा की किती वेळ लागेल. रुग्णालयांतल्या हिंसाचाराविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. त्याचा फलक जरूर लावा. पण तीन तास दाराबाहेर काहीही न कळता उभ्या असलेल्या मुलाला फलक थोपवू शकत नाही.

तातडीच्या पेशंटसाठी डिपॉझिटचा प्रश्न उभाच राहता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं काम आहे. अपघाताची केस असली तरी आधी उपचार आणि मग पोलिसी सोपस्कार. कॅज्युअल्टीच्या काउंटरवरच्या मुलाला हे तोंडपाठ हवं, कारण रात्री पहिलं वाक्य तोच बोलतो. आधी पेशंट आत, मग फॉर्म. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस, असेल तर रजिस्टरमध्ये नोंद आणि पोलीस चौकीला लेखी कळवणं, पोच घेऊन. आपल्याकडे सोय नसेल तर पेशंट स्थिर करून, पुढच्या हॉस्पिटलला आधी फोन करून, चिठ्ठीसकट पाठवायचं. १०८ ला फोन कुणी करायचा हेही ठरलेलं असू द्या. आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा नाही, कुठल्याही परिस्थितीत.

तुमचं हॉस्पिटल ट्रस्टचं असेल आणि धर्मादाय योजनेत येत असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेलं असेल तर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल दरवाजातून आत आल्या आल्या दिसेल असं ठेवा. गावाकडून आलेल्या माणसाला विचारायची भीड पडते. त्याला विचारावं लागू नये.

आता डिस्चार्ज. डॉक्टर सकाळी दहाला म्हणतात, “तुम्ही आज घरी जाऊ शकता.” घरच्यांनी गाडी बोलावलेली असते. मग आरएमओ डिस्चार्ज समरी लिहायला बसतात, वॉर्डमधून उरलेली औषधं फार्मसीत परत जातात, फार्मसी क्रेडिट नोट काढते, बिलिंग थांबून असतं, मग विमा कंपनीला फायनल बिल जातं. पेशंट निघतो संध्याकाळी सहाला. तोवर कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट स्ट्रेचरवर खाटेची वाट बघत असतो.

हे आदल्या संध्याकाळी सुरू करा. राउंडला इन्चार्ज सिस्टरने विचारायचं, “उद्या कोण जाणार?” त्या यादीतल्या पेशंटची समरी रात्रीचे आरएमओ कच्ची लिहून ठेवतील. औषधं रात्रीच परत जातील, सकाळपुरती ठेवून. बिल रात्रीपर्यंतचं तयार असेल. सकाळी डॉक्टरांनी समरी वाचून सही करायची, बस. कॅशलेसचे कागद सगळ्यात आधी पाठवा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दाखल होतानाची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला हवी. तुम्ही कागद किती वाजता पाठवलेत त्याची वेळ ईमेलवर राहू द्या, म्हणजे उशीर कुणाचा हे बोलता येतं.

समरी इंग्रजीत असली तरी एक पान मराठीत द्या: कुठली गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, आंघोळ कधीपासून, टाके कधी काढायचे, काय झालं तर लगेच परत यायचं आणि कुठल्या नंबरवर फोन करायचा. सिस्टरने ते वाचून दाखवावं आणि मग आजींना विचारावं, “आता तुम्ही मला सांगा बरं, कुठली गोळी कधी घेणार?” पेशंटने पुढे कधी कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात, म्हणून फाइल जाण्याआधी पूर्ण करून रेकॉर्डला लावा. किमान तीन वर्षं ठेवायची. कोर्टात गेलेली केस निकाल लागेपर्यंत.

ऑक्सिजन, वीज, आग

ऑक्सिजनचा हिशेब तुम्हाला स्वतःला यायला हवा. मोठ्या, जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. एका पेशंटला मिनिटाला १० लिटर चालू असेल तर ७०० मिनिटं, म्हणजे पावणेबारा तासांच्या आसपास. तसे दोन पेशंट असतील तर सहा तासांच्या आत संपतो. आज वॉर्डात किती लिटर चालू आहे आणि किती भरलेले सिलिंडर आहेत, याची बेरीज-वजाबाकी रोज संध्याकाळी फळ्यावर लिहा. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. मुख्य पुरवठा बंद पडला तर प्रत्येक खाटेपाशी छोटा सिलिंडर किती मिनिटांत पोचतो, याची रंगीत तालीम करा. घड्याळ लावून.

९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. आपल्या कामातल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. आयसीयू आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) मशीन चोवीस तास चालतात, एसी चालतात, ऑक्सिजनमुळे आग पटकन पसरते आणि रुग्ण स्वतः पळू शकत नाही. म्हणून एक्स्टेन्शन बोर्डावर वॉर्मर किंवा व्हेंटिलेटर नको. वायरिंगवर किती भार आहे ते इलेक्ट्रिशियनकडून वर्षातून एकदा लेखी घ्या. मागच्या जिन्यात जुने पलंग, रेकॉर्डचे गठ्ठे, सिलिंडर ठेवलेले असतात, ते पहिल्याच महिन्यात हलवा. बाहेर जायच्या दाराला कुलूप नको. रात्रपाळीच्या प्रत्येक सिस्टरने अग्निशामक एकदा तरी हातात घेऊन वापरलेला असावा आणि कुठल्या पेशंटला कुणी उचलायचं हे ठरलेलं असावं.

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार आहे. महावितरणची देखभाल आणि महापालिकेचं पाणी बंद, दोन्ही बहुतेक गुरुवारीच येतं. ठरवून करायच्या मोठ्या शस्त्रक्रिया आणि डायलिसिसचं वेळापत्रक लावताना हे धरा. जनरेटर बुधवारी भारासकट चालवून बघा, नुसता सुरू करून नव्हे, आणि टाक्या बुधवारी रात्री भरलेल्या असू द्या.

कचरा

नियम २०१६ चे आहेत, चार रंग. पिवळ्यात रक्ताने माखलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत प्लॅस्टिक: सलाइनच्या बाटल्या, नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या आणि ॲम्प्यूल निळ्यात. बारकोड लावून, ४८ तासांच्या आत गाडीला द्यायचं.

वेगळं करायचं ते जिथे कचरा तयार होतो तिथेच, खाटेजवळ. मागच्या अंगणात मावशींनी निवडत बसायचं नाही. सुई टोचते ती बहुतेक त्यांनाच. सगळ्या सफाई कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी ची लस दिली आहे का, कॉन्ट्रॅक्टवरच्यांनाही, हे आज तपासा. सुई टोचली तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा तो नंबर डब्यावरच लिहा, कारण एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही.

माणसं टिकवणं

पुण्यातल्या छोट्या हॉस्पिटलांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे सिस्टर टिकत नाहीत. मुली लातूर, बीड, नांदेड, यवतमाळहून येतात, वर्षभर शिकतात आणि मोठ्या हॉस्पिटलात जातात. पगारात तुम्ही मोठ्या हॉस्पिटलांशी बरोबरी करू शकणार नाही. पण ड्युटीचा तक्ता महिनाभर आधी लावू शकता. सलग रात्रपाळ्यांना मर्यादा घालू शकता. राहायला स्वच्छ खोली, रात्री गरम जेवण, उशिरा सुटणाऱ्यांना घरापर्यंत गाडी देऊ शकता. पगार ठरल्या तारखेला होतो, कन्सल्टंट ओरडले तर आपल्या बाजूने कुणीतरी बोलतं, दिवाळीला किंवा पोळ्याला घरी जायची रजा आधी ठरते, यावर माणसं राहतात. कुणी सोडून निघालं तर त्यांच्याशी शांतपणे बसून बोला. जाताना माणसं खरं सांगतात.

मावशी आणि मामांचा पगार कॉन्ट्रॅक्टरमार्फत होत असेल तर पीएफ खरंच भरला जातो का, हे दर महिन्याला चलन मागून बघा.

पुण्याचं वर्ष

जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूचे महिने, खाटा भरलेल्या असतात. रक्तपेढीशी प्लेटलेटसाठी आधीच बोलून ठेवा. आषाढी वारीच्या पालख्या ज्येष्ठात शहरात मुक्कामी असतात, नाना पेठ-भवानी पेठ आणि त्यांच्या मार्गावरचे रस्ते बंद होतात. गणपतीत लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोडवर गाडी चालत नाही आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पेठांत हॉस्पिटल असेल तर त्या दोन दिवसांच्या ड्युटीच्या लोकांची राहायची सोय आत करा, औषधं आणि ऑक्सिजन आधी भरा, भूलतज्ज्ञ नदीच्या अलीकडे राहणारे निवडा. मंडळाच्या अध्यक्षांना आणि पोलीस ठाण्याला आधी भेटून या. ॲम्ब्युलन्सला मंडळाची मुलं स्वतः साखळी करून वाट काढून देतात, फक्त त्यांच्याकडे तुमचा नंबर हवा.

साथ आली तर पहिली खबर तुमच्या ओपीडीत लागते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बॅरीचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या नोंदी एकत्र आल्यावरच चित्र स्पष्ट झालं. एकाच भागातून एकसारखी लक्षणं घेऊन दोन-तीन पेशंट आले की महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, निदान पक्कं होण्याची वाट न बघता. क्षयरोगाची प्रत्येक केस निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंदवावीच लागते. हे काम एका माणसाकडे नेमून द्या आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसऱ्याकडे.

दर महिन्याला काय मोजायचं

फार मोजू नका. खाटांचा वापर: ३० खाटा, ३० दिवस, म्हणजे ९०० खाट-दिवस. त्यातले ६३० भरले तर ७० टक्के. पेशंट सरासरी किती दिवस राहतो. डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितल्यापासून पेशंट दारातून बाहेर पडेपर्यंत किती तास. ऑपरेशननंतर किती जखमा चिघळल्या. घरी गेलेल्यांपैकी तीन दिवसांत किती जण परत आले. औषधाच्या किती चुका लिहिल्या गेल्या. सुरुवातीला हा शेवटचा आकडा वाढला तर घाबरू नका, त्याचा अर्थ लोक लिहायला लागलेत. ५० खाटांपर्यंतच्या हॉस्पिटलांसाठी एनएबीएचचे, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेचे, वेगळे निकष आहेत. पुढे ती मान्यता घ्यायचं ठरलं तर याच नोंदी उपयोगी पडतात, तेव्हा नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी, ओपीडी संपल्यावर, मालक डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, आरएमओ, फार्मसी, बिलिंग आणि एक मावशी यांना एकत्र बसवा. चहा सांगा. आकडे वाचा आणि दर वेळी एकच गोष्ट निवडा, जी पुढच्या महिन्यात बदलायची. कुणी करायची आणि कधीपर्यंत, हे तिथेच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. तो कागद नर्सिंग स्टेशनवर लावा.